लहानू गिरणीवाल्याची साखरेची गोळी

बेलसावळी नावाच्या गावात लहानू गिरमे नावाचा एक भोळा गिरणीवाला राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? कुणी त्याला म्हणालं, "लहानू, जरा वाट बघ," की तो दारात उभा राहून वाटेकडे बघत बसायचा. वाट कुठं जात नाही हे दिसलं, की आत यायचा.

पन्नाशी उलटली होती. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. निम्म्या वयानं, निम्म्या पिठानं. दळण मात्र झकास दळायचा. एकाची बाजरी दुसऱ्याच्या गव्हात कधी मिसळली नाही. बायको चांगुणा शहाणी होती. घरात एकानं शहाणं असावं लागतं, म्हणून तिनं ते काम अंगावर घेतलं होतं.

एका उन्हाळ्यात लहानूला सारखी तहान लागायला लागली. घागर संपायची, तहान संपायची नाही. चांगुणानं त्याला फाट्यावरच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. बाहेर नव्वद माणसं रांगेत, त्यामुळे मॅडम एका दमात बोलायच्या आणि दुसऱ्या दमात पुढच्या माणसाला बोलवायच्या.

"साखर वाढलीय," मॅडम म्हणाल्या.

"कुठली? डब्यातली तर कालच संपली."

"रक्तातली. ही गोळी घ्या, रोज दोन वेळा, कायमची. सुरुवातीला पोटाला त्रास होईल. जुलाब होतील, मळमळेल, गॅस होईल. काही झालं तरी गोळी सोडायची नाही. पुढचा!"

लहानूनं मान हलवली. हे त्याला पटलंच होतं. त्याचा थोरला भाऊ बाळाजी, त्यालाही हाच आजार होता. गोळीनं पोट बिघडतं म्हणून बाळाजीनं गोळी बंद केली आणि तीन वर्षांनी त्याचं पाऊल कापावं लागलं. बाळाजीला बैलगाडीतून घरी आणलं, तेव्हा उतरवून घ्यायला लहानूच होता. भावाचं वजन इतकं कमी कसं झालं, हे त्याला त्या दिवशी कळलं नव्हतं. मागाहून कळलं आणि मग तो गिरणीच्या मागं बसून रडला होता. तेव्हा गोळी सोडायची नाही म्हणजे नाही.

घरी आला आणि गोळी डाव्या मुठीत घट्ट धरली.

मूठ धरून आंघोळ केली. मूठ धरून जेवला. दुसऱ्या दिवशी एका हातानं दळण घातलं. बायका म्हणाल्या, "लहानूभाऊ, हाताला लागलं का?" तो म्हणाला, "नाही, औषध चालू आहे."

संध्याकाळी चांगुणानं मूठ उघडायला लावली. आत पांढरा चिकट लगदा.

"हे काय? पीठ?"

"गोळी आहे," लहानू म्हणाला. मग नीट बघून म्हणाला, "होती."

चांगुणानं कपाळाला हात लावला. "अहो, सोडायची नाही म्हणजे हातातून नाही! दवाखान्यातून जे हातात देतील ते धरून बसायचं नसतं. तोंडात टाकायचं, वरून पाणी प्यायचं, गिळून मोकळं व्हायचं."

"बरं," लहानू म्हणाला. "आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोळी खरंच गिळायला सुरुवात केली. उठल्या उठल्या, पाण्याबरोबर. आणि मॅडम म्हणाल्या होत्या ते सगळं झालं. पोटात दुसरी गिरणी सुरू झाली. ही गिरणी वीज गेली तरी बंद पडेना. दारात दळणाचे डबे लागलेले, पट्टा गरगर फिरतोय, आणि गिरणीवाला गायब. पाच मिनिटांनी यायचा, तोंड उतरलेलं. परत डबा उचलायचा, परत ठेवायचा, परत गायब. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. लहानूला वाईट वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी उठला की गोळी घ्यायचाच.

आठ दिवसांनी तो एकटाच आरोग्य केंद्रात गेला. खिडकीत कारकून बसला होता. त्यानं नंबराची चिठ्ठी लहानूच्या हातात दिली. लहानूनं चिठ्ठी बघितली. दवाखान्यातून मिळालेली होती, हातात दिलेली होती. त्यानं माठातलं पाणी घेतलं आणि चिठ्ठी गिळून टाकली.

तासाभरानं कारकुनानं हाक मारली, "सतरा नंबर! चिठ्ठी दाखवा."

"पोटात आहे," लहानू म्हणाला.

"पोटात का?"

"दवाखान्यातलं धरून बसायचं नसतं."

कारकुनाची वीस वर्षं नोकरी झाली होती. त्यामुळे त्याला कशाचंच नवल वाटत नसे. त्यानं रजिस्टर उघडलं, रकाना शोधला आणि लिहिलं : 'चिठ्ठी रुग्णाने घेतली.' मग वर बघून म्हणाला, "जा आत."

मॅडमनी विचारलं, "गोळी कधी घेता?"

"उठल्या उठल्या."

"उपाशीपोटी? मग पोट ढवळणारच! गोळी जेवणाच्या मध्ये घ्यायची. अगदी मध्ये. पुढचा!"

लहानू घरी आला. चांगुणानं ताटात भाकरी वाढली. लहानूनं दोरा घेतला, भाकरी या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजली, मग आडवी मोजली आणि बरोबर मधोमध भोक पाडून त्यात गोळी बसवली. मग कडेकडेनं खात निघाला. मधोमध पोचायच्या आत पोट भरलं. मधला तुकडा ताटात राहिला. चांगुणानं खरकटं कोंबड्यांना टाकलं. त्यातली तांबडी कोंबडी दोन दिवस कोपऱ्यात बसून राहिली.

चांगुणाला कोंबडीवरून सगळं कळलं. "अहो, मध्ये म्हणजे जागेनं नाही, वेळेनं! निम्मं झालं की थांबायचं. गोळी घ्यायची. मग उरलेलं निम्मं."

"बरं," लहानू म्हणाला. "आता चुकायचं नाही."

जेवताना तो चुकला नाही. पण त्याच दुपारी कुंभारांची अनसूया गव्हाचा डबा घेऊन आली. लहानूनं दळायला घेतलं, निम्मं दळलं आणि खटका दाबून गिरणी बंद केली.

"काय झालं?" अनसूयानं विचारलं.

"निम्मं झालं. गोळी आणलीय का?"

"कसली गोळी?"

"मला काय माहीत? तुमचं दळण, तुमची गोळी."

अनसूया तासभर थांबली. शेवटी कुठल्याशा गोळीवाचून दळण अडायला नको म्हणून तिनं मुलीसाठी पदराला बांधलेली लिमलेटची गोळी काढून दिली. लहानूनं ती गव्हात टाकली आणि उरलेलं निम्मं दळलं. त्या पिठाच्या पोळ्या अनसूयाच्या घरात सगळ्यांना आवडल्या, ही गोष्ट वेगळी.

आता पोटात मळमळ कमी झाली होती. पण जुलाबाची कळ अजून अचानक यायची. लहानू परत मॅडमकडे गेला. या वेळी चांगुणानं चिठ्ठी आपल्या हातात धरली.

मॅडम म्हणाल्या, "होईल कमी. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. घाई करायची नाही. सगळं हळूहळू. पुढचा!"

गिरणीपासून घरच्या संडासापर्यंत साठ पावलं होती. दुसऱ्या दिवशी कळ आली तेव्हा लहानू नेहमीसारखा पळाला नाही. हात मागं बांधून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा निघाला. वाटेत कुणीतरी रामराम केला, त्यानंही थांबून रामराम केला. चाळिसाव्या पावलापर्यंत सगळं ठीक होतं. पुढच्या वीस पावलांना घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चांगुणानं पायजमा दगडावर आपटत आपटत त्याला समजावलं. "सवय हळूहळू होते, माणसानं हळू चालायचं नसतं! पोटानं आवाज दिला की हातात असेल ते टाकायचं आणि पळत सुटायचं. कळलं?"

"बरं," लहानू म्हणाला. "आता चुकायचं नाही."

तिसऱ्या दिवशी सरपंच अण्णासाहेबांकडे पूजा होती. पुरणपोळ्यांसाठी मैद्यासारखी चाळून घेतलेली कणीक लहानू स्वतः खांद्यावरून पोचवायला निघाला. दुपारचा एक वाजला होता, तो जेवला नव्हता. सरपंचांच्या दारापाशी आला आणि भुकेनं त्याच्या पोटात गुर्रर्र झालं.

पोटानं आवाज दिला होता. लहानूनं खांद्यावरचं पोतं होतं तिथंच टाकलं. तिथं गटार होतं. मग पळत सुटला, थेट घर गाठलं आणि संडासात जाऊन बसला. अर्धा तास बसला. काहीच झालं नाही. अर्ध्या तासानं चांगुणा दाराबाहेरून म्हणाली, "जेवायला वाढलंय." तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आवाज भुकेचा होता.

सरपंचांनी पाव्हण्यांना भात वाढला आणि लहानूला शिव्या.

या वेळी चांगुणाच रागारागानं लहानूला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. "मॅडम, तुम्ही एका दमात सांगता आणि पुढचं मला महिनाभर निस्तरावं लागतं."

मॅडमनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. त्यांनी लहानूला समोर बसवलं. काय खातो, किती खातो, पोट केव्हा बिघडतं, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "गोळी बदलून देते. हीच गोळी, पण पोटात सावकाश सुटणारी. फोडायची नाही, चावायची नाही, जेवणात अख्खी गिळायची. तेलकट थोडे दिवस कमी. आणि जेवण मात्र चांगलं बारीक करून खायचं, म्हणजे पोटाला सोपं जाईल." आणि 'पुढचा!' असं न म्हणता त्यांनी विचारलं, "समजलं ना?"

"समजलं. गोळी अख्खी, जेवण बारीक."

चांगुणालाही यात चुकण्यासारखं काही दिसलं नाही. ती निर्धास्त होऊन माहेरी एक दिवस राहायला गेली.

ती गेल्यावर लहानू ताट घेऊन गिरणीत गेला. गावात सगळ्यात बारीक त्याच्याकडंच व्हायचं. त्यानं जातं घट्ट केलं, बटण दाबलं आणि वरच्या तोंडात दोन भाकऱ्या टाकल्या. मग वांग्याची भाजी टाकली. मग कांदा. मग सगळं सुकं वाटलं म्हणून वाटीभर ताक ओतलं.

गिरणी एकदा उचकी लागल्यासारखी हलली. पट्टा सुटला. धूर निघाला. खालून पिशवीत काहीच पडलं नाही.

दोन दिवस गिरणी बंद. गावात कुणाच्या घरी भाकरी नाही. तिसऱ्या दिवशी सुरू झाली, तर आठवडाभर प्रत्येकाच्या पिठाला वांग्याचा वास. चांगुणा माहेराहून आली ती दगडाच्या खाचांमधून खिळ्यानं भाजी खरवडत बसली. बिया फार होत्या.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "बोलण्यातला शब्द धरायचा नसतो. अर्थ धरायचा. माणसं काहीतरी म्हणतात आणि त्यांना वेगळंच म्हणायचं असतं. 'माझ्या पोटावर पाय आला' असं कुणी म्हणालं, तर काय त्याच्या पोटावर कुणी खरंच पाय दिलेला असतो?"

"नसतो?"

"नसतो! पोट म्हटलं की दर वेळी पोटच नसतं. आधी विचार करायचा, यांना खरं काय म्हणायचंय? मग वागायचं."

लहानू दिवसभर विचार करत बसला. आयुष्यात इतकी मोठी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती.

"बरं," संध्याकाळी तो म्हणाला. "आता चुकायचं नाही."

आणि खरंच बरे दिवस आले. नवी गोळी पोटाला मानवली. मळमळ गेली, कळ यायची थांबली. साठ पावलं आता तो कामापुरतीच चालायचा. बायकांचं हसणं बंद झालं. ही नवी गोळी एक दिवसही चुकली नव्हती. चांगुणा देवापुढं दिवा लावताना आताशा निवांत दिसायची.

अशात बेलसावळीत साखर तपासणीचं शिबिर ठरलं. चावडीपुढं मांडव घातला. तालुक्याहून सभापती येणार, फोटो निघणार, भाषणं होणार, आणि वेळ उरला तर तपासणीही होणार. लहानूचा नंबर पहिला लावला, कारण गोळी एकदाही न चुकवणारा गावात तो एकटाच होता. आदल्या दिवशी आरोग्य केंद्राच्या सिस्टर गिरणीत निरोप द्यायला आल्या.

"लहानूभाऊ, उद्या सकाळी येताना पोटात काही ठेवायचं नाही. काही म्हणजे काहीच नाही. पोट एकदम रिकामं पाहिजे. नाहीतर खरं काय ते कळत नाही."

सिस्टर गेल्या. लहानू विचार करायला बसला. पूर्वीचा लहानू असता, तर पोट म्हणजे पोट समजून उपाशी गेला असता. पण आता तो शहाणा झाला होता. यांना खरं काय म्हणायचंय? पोटात मी काय काय ठेवलंय?

आणि त्याला एकदम उमगलं.

गिरणी चालू असली की तिथं एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही. त्यामुळे गावातली माणसं दळणाच्या निमित्तानं यायची, लहानूच्या कानाला तोंड लावायची, मनातलं ओझं उतरवायची आणि जाताना म्हणायची, "लहानू, हे पोटातच ठेव हं." भोळ्या माणसाला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं, असा सगळ्यांचा हिशेब. वीस वर्षांचं साचलं होतं. लहानूला वाटलं, एवढं पोटात असल्यावर साखर कशी उतरेल?

सकाळी उठून तो निवांत तीन भाकऱ्या जेवला. भाकरीवर झुणका, झुणक्यावर गुळाचा खडा. निम्म्यावर थांबून गोळी घेतली, मग उरलेलं निम्मं खाल्लं. चांगुणा पहाटेच मांडवात भांडी पोचवायला गेली होती. तोंड धुऊन तो शिबिराला गेला.

सगळा गाव जमला होता. सभापती खुर्चीत, शेजारी सरपंच अण्णासाहेब, त्यांच्या शेजारी भस्म लावलेले शांतिगिरी बुवा. साखरेवर हे बुवा एक पूड द्यायचे. पूड सुरू केली की गोळी बंद करा म्हणायचे, आणि गावातल्या तीसएक माणसांनी केली होती. मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. कारकून रजिस्टर घेऊन बसला होता.

सिस्टरनी लहानूचं बोट पुसायला घेतलं. "पोट रिकामं आहे ना?"

"अजून नाही," लहानू म्हणाला. "आता करतो."

आणि सिस्टर हात धरायच्या आत तो माइकपाशी गेला. कसं बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून गिरणीत बोलायचा तसा ओरडूनच बोलला.

"सरपंच अण्णासाहेबांच्या पोटातलं माझ्या पोटात आहे, ते असं. गावाच्या वेशीवर हागणदारीमुक्त गाव अशी पाटी लावलीय. पण अण्णासाहेबांच्या स्वतःच्या संडासात छतापर्यंत कांदा भरलाय. घरचे सगळे ओढ्याला जातात. कांद्याला भाव आला की संडास मोकळा होईल, म्हणाले."

सरपंच उठले आणि परत बसले.

"कारकूनसाहेबांचं असं. आजच्या शिबिरात दोनशे माणसं तपासली, त्यातली चाळीस सापडली, असा अहवाल परवाच लिहून झालाय. आज फक्त फोटो राहिलाय, म्हणाले."

कारकुनानं रजिस्टर हळूच मांडीखाली घेतलं. सभापतींना अचानक दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. त्यांच्या गाडीचा धुरळा खाली बसेपर्यंत लहानू थांबला, कारण धुरळ्यात घसा बसतो.

"बुवांचं मोठं आहे. त्यांची पूड माझ्याच गिरणीत दळतात. निम्मी बाभळीची साल, निम्मा गव्हाचा कोंडा. चाळू नको म्हणतात, कोंडा दिसला तर औषध खरं वाटतं. आणि बुवांना स्वतःला साखर आहे. ते माझीच गोळी घेतात, सावकाश सुटणारी. पूड घेतली तर पाय जाईल म्हणाले."

 मग मागून एक म्हातारा उठला, काठी टेकत मॅडमच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, माझी बंद केलेली गोळी परत चालू करून द्या." त्याच्यामागं अनसूया उठली. मग आणखी चौघं. बघता बघता टेबलापुढं खरीखुरी रांग लागली. बुवांची खुर्ची रिकामी झाली होती. कधी झाली ते कुणी पाहिलं नाही.

"आता एकच राहिलं," लहानू माइकात ओरडला. "आमची चांगुणा म्हणते, मॅडमपेक्षा मीच बरी डॉक्टर."

"अहो!" चांगुणा बायकांमधून किंचाळली.

"खरं आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या आणि हसू लपवायला रांगेतल्या म्हाताऱ्याचं कार्ड उलटं धरून वाचायला लागल्या.

लहानू माइकपासून वळला. त्याला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. खुर्चीत बसून त्यानं बोट पुढं केलं. "घ्या सिस्टर. झालं रिकामं."

सिस्टरनी बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. यंत्रातला आकडा बघून त्यांचे डोळे मोठे झाले.

"एवढी साखर? लहानूभाऊ, सकाळी काय खाल्लंत?"

"तीन भाकऱ्या. झुणका. गुळाचा खडा."

"अहो, मी सांगितलं होतं ना, पोटात काही ठेवायचं नाही म्हणून?"

लहानूनं एकदा सिस्टरकडं पाहिलं, एकदा सुन्न बसलेल्या गावाकडं पाहिलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "नुसतं जेवायचं नव्हतं होय?"